शाळेआधीच्या वयासाठी शैक्षणिक गेम निवडताना: चुकल्यावर काय होते ते आधी पाहा

स्क्रीनवर पाच बदके आली आणि त्यांच्याखाली ३, ५ व ८ हे आकडे आले. समोर बसलेल्या चार वर्षांच्या मुलीने बदकांकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने आधी ८ वर बोट ठेवले, तेव्हा ‘टुंग’ असा आवाज झाला. मग ३ वर ठेवले, पुन्हा ‘टुंग’ झाले. शेवटी ५ वर ठेवले आणि टाळ्या, चांदण्या व संगीत यांचा एकच गजर सुरू झाला. दहा मिनिटांत तिने सगळे टप्पे पार केले आणि गेमने तिच्या नावापुढे मोजणीसाठी तीन चांदण्या लावल्या. त्यानंतर मी टेबलावर पाच बटणे मांडली आणि तिला ती मोजायला सांगितली. एक, दोन, तीन असे भराभर म्हणताना तिने एका बटणावर दोनदा बोट ठेवले आणि ती सहावर येऊन थांबली. ‘‘मग बटणे किती आहेत?’’ असे विचारल्यावर तिने आकडा सांगितला नाही. ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

तिच्या वयाच्या अनेक मुलांचे असेच होते आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. मोजताना शेवटी उच्चारलेली संख्या हीच वस्तूंची एकूण संख्या असते, ही समज साधारण साडेतीन ते साडेचार वर्षांच्या सुमारास हळूहळू येते. काळजी वाटावी ती त्या तीन चांदण्यांची. गेमने जे शिकवले, ते ती मुलगी चोख शिकली होती: आवाज बदलेपर्यंत एकेका आकड्यावर बोट ठेवत जायचे. म्हणून दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गेम निवडणाऱ्या प्रत्येक पालकाला आणि बालवाडीच्या शिक्षकाला माझे पहिले सांगणे असते, की गेम बरोबर उत्तराला काय बक्षीस देतो ते नंतर पाहा. मूल चुकल्यावर तो काय करतो ते आधी पाहा.

‘शैक्षणिक’ या शब्दावर विसंबू नका

ॲपच्या दुकानात एखादा गेम ‘शिक्षण’ या विभागात दिसतो, याचा अर्थ कोणी तज्ज्ञाने तो तपासला असाच होत नाही. विभाग कोणता हे बहुतेक वेळा गेम तयार करणाराच ठरवतो. वयाच्या शिक्क्याबाबतही असाच गैरसमज आढळतो. उत्तर अमेरिकेत १९९४ मध्ये स्थापन झालेली ईएसआरबी आणि युरोपात २००३ पासून वापरात असलेली पेगी या दोन्ही व्यवस्था गेममध्ये हिंसा, भीतिदायक दृश्ये, अयोग्य भाषा, जुगार असे काही आहे का, हे मुख्यतः पाहतात. पेगीचा ‘३’ हा शिक्का तीन वर्षांच्या मुलाला त्यातले काही अपायकारक नाही असे सांगतो. तो गेम त्या मुलाला जमेल की नाही आणि त्यातून ते काही शिकेल की नाही, याबद्दल तो शिक्का मौन बाळगतो. बुद्धिबळाच्या गेमलाही हाच शिक्का मिळू शकतो.

निवडीसाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेली चौकट मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडली. मुले कशी शिकतात याविषयीच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून त्यांनी चार कसोट्या काढल्या. मूल मनाने सक्रिय असले पाहिजे; त्याचे लक्ष मूळ कामावर टिकले पाहिजे; जे शिकायचे त्याचा त्याच्या आयुष्याशी अर्थपूर्ण संबंध असला पाहिजे; आणि शिकताना दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण झाली पाहिजे. हे सर्व एखाद्या ठरलेल्या शिकण्याच्या उद्दिष्टाकडे जाणारे असावे, असेही त्यांनी म्हटले आहे. यातल्या पहिल्या कसोटीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण तिथेच पालकांची फसगत होते. बोट सारखे हलते आहे म्हणजे मूल सक्रिय आहे असे नव्हे. फुगे फोडत राहणाऱ्या मुलाचे बोट अखंड चालू असते, पण मनाला काम नसते; उलट दोन आकारांकडे टक लावून, हात मागे घेऊन स्वस्थ बसलेले मूल त्या क्षणी सर्वांत जास्त काम करत असते.

आधी स्वतः खेळा, आणि मुद्दाम चुका

कोणताही गेम मुलाच्या हाती देण्याआधी मोठ्या माणसाने तो एकट्याने पंधरा-वीस मिनिटे खेळावा. जाहिरातीतली चित्रे आणि इतरांचे अभिप्राय यांवरून जे कळत नाही ते एवढ्या वेळात कळते. मात्र मोठ्या माणसासारखे भराभर बरोबर उत्तरे देत पुढे गेल्यास काहीच हाती लागत नाही. पहिल्याच प्रश्नाला चुकीचे उत्तर द्या. मग त्याच प्रश्नाला दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही चुकीचेच उत्तर द्या, आणि प्रत्येक वेळी गेम काय करतो ते पाहा.

सर्वांत कनिष्ठ प्रकारचा गेम फक्त आवाज काढतो आणि पुन्हा तोच प्रश्न ठेवतो. तीन पर्याय असतील तर काहीही न समजता जास्तीत जास्त तीन प्रयत्नांत उत्तर मिळतेच, आणि बदकांच्या गेममध्ये नेमके हेच झाले. याहून वाईट म्हणजे काही गेममध्ये चुकल्यावर होणारी गंमत बरोबर उत्तराच्या बक्षिसापेक्षा मजेदार असते: पात्र धपकन पडते, चिखल उडतो, विचित्र आवाज येतो. तीन वर्षांचे मूल मग तेच पुन्हा पाहण्यासाठी हौसेने चुकते आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी शहाणपणाचे वागणे असते.

चांगला गेम चुकीचा उपयोग शिकवण्यासाठी करतो. मुलाने पाच बदकांसाठी ८ हा आकडा निवडला, तर तो बदकांना एकेक करून पाण्यात उतरवतो, प्रत्येकाबरोबर संख्या मोठ्याने म्हणतो, पाचव्या बदकापाशी थांबतो आणि मग मुलाला पुन्हा विचारतो. दुसऱ्यांदा चुकल्यास तो पर्याय कमी करतो किंवा तीन बदकांचा सोपा प्रश्न देतो. सलग काही उत्तरे बरोबर आली, तर तो थोडा अवघड होतो. लेव वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाने मूल एकटे जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, यांच्यामधल्या टप्प्याला शिकण्याच्या दृष्टीने फार महत्त्व दिले होते. चांगला गेम त्या टप्प्यात राहण्याचा प्रयत्न करतो. हे सारे तो लाज न आणता करतो, हेही महत्त्वाचे आहे. रडका चेहरा, वजा होणारे गुण, ‘हरलास’ असा शब्द यांची या वयात काडीचीही गरज नसते.

मुद्दाम चुकून झाल्यावर आणखी तीन गोष्टी करून पाहा. एक मिनिट काहीच करू नका. गेम शांतपणे सूचना पुन्हा देतो, की सारखा टोचत राहतो, की स्वतःच उत्तर देऊन पुढे पळतो, हे कळेल. मग आवाज बंद करून खेळा. सूचना फक्त लिहून येत असतील, तर वाचता न येणाऱ्या मुलाला तो गेम तुमच्यावाचून खेळता येणार नाही. सूचना बोलून दिली जात असेल, तर ती पुन्हा ऐकण्यासाठी ठळक बटण आहे का ते पाहा. शेवटी गेममधून बाहेर पडण्याचा प्रयत्न करा. बाहेर पडण्याचे चिन्ह लपवून ठेवलेले असेल, किंवा ‘खरंच जाणार?’ असे विचारत एखादे पात्र डोळ्यांत पाणी आणत असेल, तर तो गेम तिथेच काढून टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे.

हाताला जमेल असे काम

या वयाच्या मुलांच्या अडचणी पुष्कळदा बुद्धीच्या नसून बोटांच्या असतात. माउसचे बटण दाबून धरत वस्तू ओढत न्यायची आणि ठरलेल्या जागी सोडायची, ही मोठ्यांना एक क्रिया वाटते. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी त्या एकाच वेळी करायच्या तीन क्रिया असतात आणि मध्येच बोट सुटले की वस्तू मूळ जागी परत जाते. दोनदा झटपट क्लिक करणे त्याहून अवघड. संगणकावर खेळायचे असेल, तर असा गेम निवडा ज्यात एकदा क्लिक केल्यावर वस्तू उचलली जाते आणि दुसऱ्यांदा क्लिक केल्यावर ती ठेवली जाते. टचस्क्रीनवर हे सोपे होते, पण तिथे दुसरी अडचण येते. लहान मुले टॅबलेट दोन्ही हातांनी धरतात. तेव्हा अंगठा किंवा तळवा स्क्रीनच्या कडेला टेकतो आणि तिथे एखादे बटण असल्यास गेम भलतीकडेच जातो. बटणे मोठी, एकमेकांपासून दूर आणि खालच्या कडेपासून वर असावीत. घड्याळ लावून घाई करणारे गेम या वयात टाळलेलेच बरे, कारण घाईत मूल विचार सोडते आणि अंदाज धरते.

चित्रांची गर्दीही तपासून पाहावी. गोष्टीच्या ॲपमध्ये वाऱ्याने हलणारे झाड, गाणारा बेडूक, उघडमीट करणारी खिडकी असे बरेच काही स्पर्शाला प्रतिसाद देणारे असते. त्यातले जे गोष्टीशी जोडलेले आहे, उदाहरणार्थ हरवलेले पिल्लू शोधण्यासाठी मुलानेच दार उघडायचे, ते गोष्ट समजायला मदत करते. ज्याचा गोष्टीशी काही संबंध नाही ते लक्ष पळवते, आणि पुस्तक संपल्यावर मुलाला बेडूक आठवतो पण पिल्लू कुठे सापडले ते आठवत नाही.

काय शिकवावे, कोणत्या वयात

दीड वर्षाच्या आतील मुलाला नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यापलीकडे स्क्रीन नको, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले, आणि २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास, तोही दर्जेदार आणि मोठ्यांच्या सोबतीने, अशी मर्यादा सुचवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत २ ते ४ वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा आणि त्याहून कमी असल्यास उत्तम, असे म्हटले आहे. त्यामुळे दोन वर्षांच्या आतील बाळासाठी कोणता गेम निवडावा, या प्रश्नाला माझे उत्तर ‘कोणताच नाही’ असे असते.

दोन ते तीन वर्षांच्या मुलाला कारण आणि परिणाम समजतील असे साधे खेळ पुरतात: इथे बोट ठेवले की ढोल वाजतो, इथे ठेवले की दिवा लागतो. तीन ते चार या वयात रंग, आकार, लहान-मोठे, सारखे-वेगळे, जोड्या लावणे आणि तीन-चार वस्तूंपर्यंतची मोजणी रमवते. चार ते सहा या वयात मात्र निवड काळजीपूर्वक करावी लागते, कारण अक्षरे आणि संख्या शिकवण्याचा दावा करणारे गेम इथेच सर्वाधिक असतात.

संख्यांच्या गेममध्ये मूल प्रत्येक वस्तूला एकेकदा हात लावून मोजते का, ‘चार दे’ असे सांगितल्यावर ढिगातून चारच वस्तू काढते का, आणि वस्तू इकडेतिकडे पसरवल्या तरी संख्या तीच राहते हे त्याला दिसते का, हे पाहा. नुसते आकडे ओळखायला लावणारा गेम हा चिन्हे ओळखण्याचा खेळ आहे. त्याला गणित म्हणणे घाईचे होईल.

अक्षरांच्या गेममध्ये सगळी मदार आवाजावर असते. गेम मराठीत असेल, तर स्वतः कान देऊन ऐका: ‘ट’ आणि ‘ठ’, ‘ब’ आणि ‘भ’, ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक त्या आवाजात स्वच्छ ऐकू येतो का? ‘ळ’ हा ‘ळ’च येतो का? ‘चमचा’ मधला ‘च’ आणि ‘चहा’ मधला ‘च’ वेगळे उच्चारले जातात का? यंत्राने तयार केलेल्या आवाजात हे भेद अनेकदा पुसले जातात, आणि मूल जे ऐकेल तेच बोलेल. अक्षर गिरवायला लावणारा गेम असेल, तर रेघ कुठून सुरू होते आणि कोणत्या दिशेला जाते हे तो पाहतो, की बोट कसेही फिरवून आकार रंगवून टाकला तरी शाबासकी देतो, हे तपासायला अर्धे मिनिट पुरते: अक्षर मुद्दाम उलट्या दिशेने गिरवून पाहा. आणि स्क्रीनवर बोट फिरवणे म्हणजे पेन्सिल धरणे नव्हे, त्यामुळे कागद, खडू आणि माती यांची जागा असा कोणताही गेम घेऊ शकत नाही.

उत्तर नसलेले गेम

माझा सर्वांत जास्त ओढा ज्या गेममध्ये बरोबर आणि चूक असे काही नसतेच, त्यांच्याकडे आहे. चित्र काढणे, सूर जुळवणे, ठोकळे रचणे, पात्रांना चालवून स्वतःची गोष्ट तयार करणे अशा खेळांत मूल ठरवते आणि यंत्र त्याप्रमाणे करते. हा विचार नवा नाही. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली, तेव्हापासून मुलाने यंत्राला कामाला लावावे, यंत्राने मुलाला नव्हे, ही धारणा या क्षेत्रात टिकून आहे. तिचेच एक वंशज म्हणजे २०१४ मध्ये आलेले ‘स्क्रॅचज्युनियर’ हे ॲप. ते मुख्यतः ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात शब्दांऐवजी चित्रांचे ठोकळे एकापुढे एक जोडून मांजराला चालवता, उडवता आणि बोलवता येते, त्यामुळे वाचता न येणारे मूलही ते वापरू शकते.

चित्रांसाठी ‘टक्स पेंट’ हा २००२ पासून उपलब्ध असलेला मुक्त प्रोग्राम मी निःशंकपणे सुचवतो. त्याची बटणे मोठी आहेत, प्रत्येक साधनाला आवाज आहे आणि मुलाला फाइलचे नाव टाइप न करता चित्र जपून ठेवता येते. ‘जीकॉम्प्रिस’ हा २००० मध्ये सुरू झालेला संचही मोफत आहे. त्यात २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून अधिक छोटे उपक्रम आहेत आणि अगदी लहानांना माउस व कीबोर्डची ओळख करून देणारे खेळही आहेत. दोन्हींत जाहिराती नाहीत. मात्र एवढे सगळे उपक्रम एकदम मुलासमोर ठेवू नयेत, नाहीतर ते एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहते. मोठ्यांच्या सेटिंगमधून वयाला साजेशी अवघडपणाची पातळी ठरवावी आणि चार-पाचच उपक्रम दाखवावेत.

जाहिराती, खरेदी आणि परवानग्या

मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी लहान मुलांच्या १३५ ॲपची पाहणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा त्यांतील ९५ टक्के ॲपमध्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची जाहिरात आढळली. चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि खेळ यांतली सीमा दिसत नाही. चमकणारी भेटवस्तूची पेटी उघडणे हा त्याला खेळाचाच भाग वाटतो. म्हणून शक्य असेल तिथे जाहिराती नसलेला मोफत गेम किंवा एकदाच पैसे देऊन घेता येणारा गेम निवडावा. इंटरनेट बंद करून गेम चालतो का, हे आवर्जून पाहा. चालत असेल, तर तो तसाच खेळू द्या. बऱ्याचशा जाहिराती आपोआप गळून पडतात. खरेदीला पासवर्ड लावा. आकार जुळवण्याचा गेम तुमचे ठिकाण, संपर्कांची यादी किंवा मायक्रोफोन मागत असेल, तर परवानगी नाकारा, आणि त्यावाचून तो चालतच नसेल तर तो नको. आयपॅडवर ‘गाइडेड ॲक्सेस’ आणि अँड्रॉइडवर ॲप पिन करण्याची सोय सुरू केल्यास मूल एका गेममधून दुसरीकडे भरकटत नाही.

सोबत बसणे आणि थांबणे

वरच्या चार कसोट्यांतली चौथी, म्हणजे दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण, कोणताही गेम एकटा पुरी करू शकत नाही. पहिले काही दिवस तरी शेजारी बसा, पण बोट तुमचे नको. ‘‘तू आधी काय पाहिलेस?’’, ‘‘हे इथे का ठेवलेस?’’ असे विचारा आणि उत्तरासाठी थांबा. लहान मुलांना शब्द जुळवायला आपल्याला वाटतो त्याहून अधिक वेळ लागतो. गेममध्ये जे झाले ते त्याच दिवशी हातात घेता येईल अशा वस्तूंवर करून पाहा. त्या मुलीबरोबर आम्ही तेच केले. आधीचा गेम काढला, मुलाने स्वतः एकेक वस्तू उचलून ठेवायची आणि चुकल्यावर गेम सोबत मोजून दाखवतो असा दुसरा निवडला, आणि खेळून झाल्यावर दरवेळी बटणे बाहेर काढली. पहिल्या आठवड्यात तिने मोजलेले बटण बाजूला सरकवायला सुरुवात केली. गेममध्ये वस्तू जागेवरून हलत असे, ती युक्ती तिने स्वतःहून टेबलावर आणली होती.

थांबवताना मिनिटांची भाषा वापरू नका, कारण ‘अजून पाच मिनिटे’ याचा या वयात काही अर्थ लागत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरांतील नोंदी तपासल्या, तेव्हा दोन मिनिटे आधी दिलेल्या इशाऱ्याने थांबणे उलट अधिक त्रासाचे झालेले दिसले, आणि गेमचा किंवा कार्यक्रमाचा नैसर्गिक शेवट आल्यावर मुले सहज उठली. त्यामुळे निवडतानाच टप्पे स्पष्टपणे संपतात असा गेम घ्या, पुढचा टप्पा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा आणि खेळायला बसण्याआधीच ‘‘दोन चित्रे पूर्ण झाली की बंद’’ असे ठरवून टाका.

एका वेळी तीन-चार गेम पुरेसे असतात. महिन्या-दीड महिन्याने मुलाच्या शेजारी बसून ते पुन्हा पाहावेत. जो गेम ते विचार न करता झरझर खेळते आहे, त्याचे काम झाले आहे आणि तो काढायला हरकत नाही. जो पाहताच ते तोंड फिरवते, तो काही महिने बाजूला ठेवून पुन्हा दाखवावा. नवा गेम आला, की पहिली पंधरा मिनिटे पुन्हा तुमची.